पेपरवर कुणाचं नाव, कितव्या जागी: नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं राणी चन्नम्मा विद्यापीठात, व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) कॉलेजांत, धारवाडला किंवा कोल्हापूरला शिकतात. एम.एस्सी.चं डिझर्टेशन असो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो की पीएच.डी., कधीतरी काम छापायची वेळ येते आणि नावाचा प्रश्न निघतो. तो निघतो बहुधा उशिरा. पेपर लिहून झालेला असतो, जर्नलचा फॉर्म उघडलेला असतो आणि लेखकांच्या रकान्यात काय भरायचं यावर कुणीच बोलत नाही. त्या क्षणी विद्यार्थ्याला तोंड उघडणं जड जातं, कारण इंटर्नल मार्क, थिसिसवरची सही आणि पुढचं शिफारसपत्र सरांच्याच हातात असतं. नावाचं बोलणं काम सुरू होतानाच करून घ्यावं, म्हणजे दोघांनाही ते जड जात नाही. कसं करायचं ते पुढे पायरीपायरीनं दिलं आहे.

पहिली पायरी: लेखक कुणाला म्हणायचं ते ठरवा

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं यासाठी चार अटी घातल्या आहेत आणि आज इतर विषयांतही त्यांचाच आधार घेतला जातो. एक, अभ्यासाची कल्पना किंवा आखणी, अथवा माहिती गोळा करणं, तिचं विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांत भरीव वाटा. दोन, पेपरचा मसुदा लिहिणं किंवा त्यात विचाराच्या पातळीवर सुधारणा करणं. तीन, छापायला जाणाऱ्या शेवटच्या प्रतीला मान्यता. चार, पेपरमधल्या सगळ्याची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही अटी पूर्ण व्हायला हव्यात. नुसती देखरेख, नुसता निधी मिळवून देणं, नुसती लॅब वापरायला देणं एवढ्यावर लेखक होता येत नाही.

याच नियमात आणखी एक गोष्ट आहे, ती नव्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. पहिली अट ज्यानं पूर्ण केली त्याला पुढच्या अटी पूर्ण करायची संधी मिळालीच पाहिजे. ‘तू नमुने गोळा केलेस, पण लिहिण्यात तू नव्हतास, म्हणून तुझं नाव नाही,’ असं म्हणून कुणाला वगळता येत नाही, कारण लिहिण्यात त्याला बोलावलंच नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

समजा, मलप्रभेच्या पाण्याचा अभ्यास आहे. कणकुंबीला उगमापाशी, खानापूरला, एम. के. हुबळीला आणि नविलुतीर्थ धरणापाशी अशा ४ ठिकाणांहून १२ महिने दर महिन्याला एक, असे ४८ नमुने घ्यायचे आहेत. ठिकाणं आणि कोणते घटक मोजायचे हे गाईडनी ठरवलं. विद्यार्थिनीनं नमुने आणले, तपासले, तक्ते केले, पहिला ड्राफ्ट लिहिला. संख्याशास्त्राच्या मॅडमनी पावसाळा आणि उन्हाळा यांतला फरक कोणत्या चाचणीनं तपासायचा ते ठरवलं आणि तो भाग लिहून दिला. लॅब असिस्टंटनी यंत्र लावून दिलं, बिघडलं तेव्हा दुरुस्त केलं. विभागप्रमुखांनी परवानगीच्या पत्रावर सही केली. विद्यार्थिनीच्या भावानं मोटारसायकलवरून तिला कणकुंबीला नेलं.

इथे लेखक तीन: विद्यार्थिनी, मॅडम आणि गाईड. लॅब असिस्टंट, विभागप्रमुख आणि भाऊ यांची जागा आभारात, आणि तीसुद्धा त्यांनी काय केलं ते नावासकट लिहून. मात्र यंत्राचे आकडे चुकीचे येत आहेत हे असिस्टंटनी ओळखलं, पद्धत बदलली आणि ते का केलं हे पेपरसाठी लिहून द्यायची त्यांची तयारी असेल, तर त्यांना लेखक म्हणून बोलवायला हवं. हुद्दा बघून ठरवू नका.

मुलाखती, भाषांतर आणि ओव्या

आपल्या भागात हा प्रश्न जास्त येतो, म्हणून इथे थोडं थांबतो. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, लोकसाहित्य अशा विषयांत गाईडची भाषा एक आणि गावची भाषा दुसरी असं सीमाभागात नेहमीच घडतं. निपाणीच्या तंबाखू-विडी कामगार बायका मराठीत बोलतात, गाईड कन्नड किंवा इंग्रजीत लिहितात, मधला सगळा पूल विद्यार्थी बांधतो. मग ‘त्यानं फक्त भाषांतर केलं’ म्हणून त्याला आभारात टाकलं जातं.

यात तीन वेगळी कामं असतात, ती वेगळीच धरा. रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द उतरवणं हे मेहनतीचं काम आहे, त्याचे पैसे मिळायला हवेत आणि आभार मानायला हवेत, पण एवढ्यानं लेखकपण येत नाही. दुसरं काम, प्रश्नावली कन्नडमधून मराठीत आणताना कोणता प्रश्न गावात विचारता येईल, कोणता नाही, ते सुचवणं. ‘उचल’ घेतलेली बाई ‘कर्ज आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी उचल म्हणजे मजुरीतून फिटणारी रक्कम. हे ज्या विद्यार्थ्यानं ओळखलं आणि प्रश्न बदलला, त्यानं अभ्यासाच्या आखणीत भाग घेतला. तिसरं, मुलाखतींतून कोणते मुद्दे निघतात ते ठरवणं. हे अर्थ लावणं आहे, पहिल्या अटीत सरळ बसणारं. दुसरं किंवा तिसरं काम केलेल्या विद्यार्थ्याला ड्राफ्टवर बसवा आणि नाव घाला.

जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. ज्या बाईनं ओव्या सांगितल्या तिची परवानगी घेऊन तिचं आणि गावाचं नाव लेखात ओवीच्या शेजारी छापा. ती पेपरची लेखिका नसेल, पण ओवी तिच्या तोंडची आहे. विद्यार्थी आणि सर आपापल्या नावासाठी भांडतात तेव्हा हे नाव दोघांच्याही लक्षातून जातं.

दुसरी पायरी: क्रम

विज्ञानात साधारण रीत अशी आहे की सगळ्यात जास्त काम आणि पहिला ड्राफ्ट ज्याचा त्याचं नाव पहिलं, मार्गदर्शकाचं शेवटी. जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक वेगळा दाखवतात आणि तो बहुधा गाईड असतो. ते सोयीचंही आहे, कारण विद्यार्थ्याचा ईमेल पत्ता पास झाल्यावर बंद पडू शकतो. काही विषयांत, विशेषतः गणितात, नावं आडनावाच्या वर्णक्रमानं लावतात. भाषा आणि इतिहासात एकट्याच्या नावावर लिहायची परंपरा आहे. तिथं गाईडनी फक्त वाचून सूचना दिल्या असतील तर आभार पुरतात.

थिसिसवर आधारलेल्या पेपरबद्दल अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचा नियम स्पष्ट आहे: अनेक लेखकांचा पेपर मुख्यतः विद्यार्थ्याच्या पीएच.डी. प्रबंधावर उभा असेल तर अपवाद सोडता पहिलं नाव विद्यार्थ्याचं. लेखकपणाबद्दल शिक्षकांनी शक्य तितक्या लवकर विद्यार्थ्याशी बोलावं, असंही त्याच नियमात आहे. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण बोलताना आधार म्हणून पुढे ठेवायला चांगला.

क्रमावरून एवढी ओढाताण का होते, हे कळायला गुणांचा हिशेब माहीत हवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या शिक्षक-नेमणुकीच्या नियमांत संशोधन-गुणांचा तक्ता आहे. विज्ञान-इंजिनिअरिंगच्या एका पेपरला ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या पेपरला १०. दोन लेखक असतील तर दोघांनाही ७० टक्के, म्हणजे विज्ञानात ५.६ प्रत्येकी. तीन किंवा जास्त झाले की प्रथम, मुख्य किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के, म्हणजे २.४. एक ‘पाहुणं’, म्हणजे काम न करता घातलेलं, नाव घुसलं की दुसऱ्या लेखकाचे ५.६ चे २.४ होऊ शकतात. उद्या तुम्ही असोसिएट प्रोफेसरच्या पदासाठी अर्ज कराल तेव्हा हाच तक्ता समोर असू शकतो. पहिल्या आणि पत्रव्यवहाराच्या लेखकाबद्दल तुमच्या विद्यापीठात या नियमाचा अर्थ कसा लावतात, ते ऑफिसात आधीच विचारून ठेवा.

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये चौघांचा गट असला की आणखी गुंता होतो. चौघांनी सारखं काम केलं असेल तर चौघांच्याही नावांपुढे खूण घालून ‘समान वाटा’ अशी टीप बहुतेक जर्नलं छापतात. सारखं केलं नसेल तर मैत्रीखातर सारखं दाखवू नका. सर्किट एकानं बांधलं, कोड दुसरीनं लिहिला, तिसऱ्यानं रिपोर्ट टाइप केला आणि चौथा परीक्षेपुरता आला, हे गटातल्या सगळ्यांना माहीत असतं. रिपोर्टवर चार नावं असतात ती कोर्सच्या मार्कांसाठी. पेपरची यादी वेगळी करायला हरकत नाही, मात्र चौघांना एकत्र बसवून करा.

तिसरी पायरी: बोला आणि लिहून पाठवा

सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाल्यावर, पण डेटा गोळा करायच्या आधी, सरांची किंवा मॅडमची पंधरा मिनिटं मागून घ्या. ‘माझं नाव पहिलं येणार ना?’ असं विचारलं की समोरचा सावध होतो. ‘सर, या कामातून किती पेपर निघतील आणि प्रत्येकात मी काय-काय करायचं?’ असं विचारा. कामाची वाटणी ठरली की नावं तिच्यामागून येतात. बोलणं झालं त्याच दिवशी ईमेल करा. असं:

‘आदरणीय सर, नमस्कार. आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे लिहून ठेवते आहे. मलप्रभेच्या पाण्यावरच्या पहिल्या पेपरसाठी नमुने, तपासणी आणि पहिला ड्राफ्ट माझ्याकडे. आखणी, पद्धत आणि ड्राफ्टची तपासणी आपल्याकडे. संख्याशास्त्राचा भाग मॅडमकडे. लेखकांचा क्रम: मी, मॅडम, आपण. पत्रव्यवहार आपल्याकडे. पहिला ड्राफ्ट मी ३० जूनपर्यंत देईन. कामाची वाटणी बदलली तर क्रमाबद्दल पुन्हा बोलू. माझ्याकडून काही चुकीचं लिहिलं गेलं असल्यास कळवावं, ही विनंती.’

यात कुठे हक्क सांगितलेला नाही की संशय दाखवलेला नाही, पण तारीख आहे, वाटणी आहे, क्रम आहे. सरांचं नुसतं ‘ओके’ आलं तरी पुरतं. पत्र संस्थेच्या पत्त्यावरून पाठवा आणि प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा.

ठरलेलं कायमचं नसतं. मध्येच कुणी नोकरीला लागतं, परीक्षक नवी तपासणी मागतात, तिसरा माणूस कामात येतो. अशा प्रत्येक वळणावर दोन ओळींचा नवा ईमेल करा. पीएच.डी.वाल्यांना दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. त्या सादरीकरणात ‘या सत्रातलं माझं काम’ अशी एक स्लाइड ठेवा. समितीच्या नोंदीत गेलेली गोष्ट नंतर कुणी नाकारत नाही.

चौथी पायरी: नोंदी

पानांवर क्रमांक असलेली बांधीव वही घ्या, सुटी पानं नकोत. दर नोंदीला तारीख, ठिकाण, वेळ. खाडाखोड झाली तर एक रेघ मारा, व्हाइटनर लावू नका. आठवड्यातून एकदा पानांचे फोटो काढून ड्राइव्हवर टाका. ड्राफ्ट गूगल डॉक्समध्ये लिहिला तर कुणी काय कधी लिहिलं याचा इतिहास आपोआप राहतो. वर्डमध्ये लिहीत असाल तर फाइलच्या नावात तारीख घाला. ‘फायनल’ आणि ‘फायनल नवा’ अशा नावांनी काही सिद्ध होत नाही. व्हॉट्सॲपवर ठरलेलं त्याच दिवशी ईमेलमध्ये उतरवा. फोन बदलला की चॅट जाऊ शकतं.

पाचवी पायरी: पेपर पाठवताना

आज बरीच जर्नलं लेखकाच्या नावापुढे त्यानं काय केलं ते मागतात. त्यासाठी १४ भूमिकांची एक प्रमाणित यादी आहे: कल्पना, पद्धत, सॉफ्टवेअर, पडताळणी, विश्लेषण, प्रत्यक्ष तपासणी, साधनं, डेटाची निगा, पहिला मसुदा, सुधारणा, आलेख-चित्रं, देखरेख, प्रकल्प-व्यवस्था, निधी. जर्नलनं मागितली नसली तरी हा तक्ता स्वतः भरा आणि पाठवण्याआधी सगळ्या लेखकांना दाखवा.

नको असलेलं नाव टाळायलाही हा तक्ता उपयोगी पडतो. ‘एच.ओ.डी. सरांचंही नाव घाल’ असं सांगण्यात आलं तर नाही म्हणू नका, विचारा: ‘हो सर, जर्नलला प्रत्येकाचं काम लिहून द्यायचं आहे. त्यांच्या नावापुढे काय लिहू?’ बरेचदा विषय तिथेच आभारावर येतो. नाही आला तर त्यांना ड्राफ्ट पाठवून लेखी सूचना मागा. त्यांनी खरंच वाचून मुद्देसूद सुधारणा दिल्या तर त्यांचं काहीतरी काम झालं, आणि नाव घालायला ते काम पुरेसं आहे का ते पुन्हा चार अटींवर तपासता येतं.

प्रत्येक लेखकाचा स्वतःचा ईमेल भरा. बरीच जर्नलं सगळ्यांना कळवतात, त्यामुळे न विचारता घातलेलं किंवा काढलेलं नाव तिथेच उघडं पडतं. दुसऱ्याच्या वतीनं कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका, सरांनी सांगितलं तरी नाही. ‘पैसे मी भरतो, नाव घाल’ असं म्हणणाऱ्याचं नाव घालू नका. फी भरणं हे चार अटींपैकी एकातही बसत नाही. एआय साधनाला लेखक म्हणून दाखवता येत नाही. वापरलं असेल तर कशासाठी वापरलं ते लिहा.

नाव कसं लिहायचं हेही पहिल्या पेपरलाच पक्कं करा. आपल्या भागात ‘पाटील एस. बी.’ आणि ‘देसाई आर. व्ही.’ एकाच विभागात दोन-दोन सापडतात. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डवर जे स्पेलिंग आहे तेच पूर्ण नाव आणि आडनाव सगळीकडे वापरा आणि ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ओळख पटवणारा) १६ अंकी क्रमांक काढून घ्या. तो फुकट मिळतो. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलून बेळगावी झालं आहे. पत्त्यात संस्था आज जे रूप वापरते तेच लिहा, नाहीतर शोधात तुमचे पेपर दोन ठिकाणी विखुरतात.

डिग्री झाल्यावर

सगळ्यात जास्त तंटे इथे होतात. विद्यार्थी पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला लागतो, पेपर अर्धा पडून राहतो. दोन वर्षांनी सर स्वतः लिहितात, आणि कधी विद्यार्थ्याचं नाव दुसरं असतं, कधी नसतंच. पहिल्या ईमेलमध्येच एक ओळ घाला: थिसिस दिल्यापासून सहा महिन्यांत मी ड्राफ्ट दिला नाही तर सर लिहितील, तेव्हा क्रम बदलू शकेल, पण माझं नाव राहील आणि शेवटची प्रत मला दाखवली जाईल. हे सरांच्या बाजूनंही न्याय्य आहे. विद्यार्थ्याच्या आळसापायी त्यांचं तीन वर्षांचं काम पडून राहणं बरोबर नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. गाईडनी आखलेलं काम विद्यार्थ्यानं परस्पर, त्यांचं नाव न घालता छापलं तर तोही अन्यायच. गाईडनी तक्रार केली तर असा पेपर मागे घेण्याची वेळ येऊ शकते. नोकरी बदलली तरी पेपरवर संस्था तीच लिहा जिथे काम झालं. आत्ताचा पत्ता टिपेत द्या.

बिनसलं तर

आधी समोरासमोर बोला, कागद हातात घेऊन. ‘सर, २० ऑगस्टच्या ईमेलमध्ये क्रम असा ठरला होता, या ड्राफ्टमध्ये वेगळा दिसतो’ इतकंच. बरेच प्रश्न इथे मिटतात, कारण खूपदा तो विसरच असतो. ग्रुपवर लिहू नका, ज्युनिअरपुढे बोलू नका. नाही मिटलं तर हेच ईमेलनं लिहा आणि सल्लागार समितीतल्या एखाद्या सदस्याला किंवा विभागप्रमुखांना मध्यस्थीची विनंती करा.

पेपर छापायच्या आधी जर्नलला कळवलं तर काम सोपं होतं. लेखकांची यादी बदलायला जर्नल सगळ्यांची लेखी संमती आणि कारण मागतं. छापल्यानंतर संपादक स्वतः निवाडा करत नाहीत, संस्थेला चौकशी करायला सांगतात. म्हणून संपादकांना पाठवायच्या पत्रात आरोप कमी आणि जोडपत्रं जास्त असू द्या: तारखांसह ईमेल, वहीची पानं, ड्राफ्टच्या आवृत्त्या.

तुमचा मजकूर जशाच्या तसा तुमच्या नावाविना छापला असेल तर तो वाङ्मयचौर्याचा विषय आहे. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनुसार त्यासाठी विभागाची आणि संस्थेची अशा दोन समित्या असतात, आणि विभागाच्या समितीला ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क दुसऱ्याला दिले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणायचा लेखकाचा अधिकार राहतो. पण हा कायदा लिहिलेल्या मजकुराला संरक्षण देतो, कल्पनेला देत नाही. कल्पना तुमची होती एवढंच म्हणणं असेल तर चार अटी आणि तुमच्या नोंदी याच वाटेनं जावं लागेल.

मार्क अडवणं, सही न करणं, त्रास देणं सुरू झालं तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांखालची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिनं साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (ओम्बड्सपर्सन) अपील करता येतं. ती मुदत चुकवू नका. अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहायचा असेल तर भाषेची मदत घ्या, पण मुद्दे आणि तारखा स्वतः तपासा. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.